कणसुऱ्या विजेत्याची वकिली

अरिजित सिंगचं नाव निघालं की पाच मिनिटांत कुणीतरी काझी तौकीरचं नाव काढतंच. किस्सा ठरलेला आहे: २००५ साली सोनीवर ‘फेम गुरुकुल’ नावाचा कार्यक्रम झाला, त्यात अरिजित सहावा आला आणि जिंकला कोण, तर श्रीनगरचा काझी. सांगणारा इथे थांबतो, ऐकणारा कपाळाला हात लावतो आणि मग दोघं मिळून भारतीय प्रेक्षकाची अक्कल काढतात. गेली दहाबारा वर्षं हा किस्सा मी लग्नाच्या पंगतीत, लोकलमध्ये, ऑफिसात डबा खाताना ऐकत आलो आहे आणि त्यातून निघणारं तात्पर्य दरवेळी एकच: लोकांच्या हातात मत दिलं की असंच व्हायचं. मला हे तात्पर्य चुकीचं वाटतं, आणि ते ज्या वाटेने काढलं जातं ती वाट त्याहून चुकीची. काझी जिंकला ते योग्यच झालं, असं माझं मत आहे. तो चांगला गायचा म्हणून मी हे म्हणत नाही. तो चांगला गायचा नाही.

तेव्हा समोरच्या बाजूचं जे खरं आहे ते आधीच मान्य करून टाकतो. काझी कणसुरा होता. नाचता नाचता गायचा; श्वासाचा मोठा हिस्सा नाचाला जायचा आणि उरलासुरला गाण्याच्या वाट्याला यायचा. परीक्षकांच्या खुर्च्यांवर जावेद अख्तर, शंकर महादेवन आणि केके. त्यांतल्या जावेदसाहेबांनी तर आपली नाराजी लपवायचे कष्टही घेतले नाहीत. दहा-दहा वर्षं तालीम घेतलेली मुलं घरी जाताहेत आणि ज्याचा ‘सा’ रोज नव्या जागी लागतो तो पुढच्या आठवड्यात पुन्हा हजर, हे बघून माझ्या वडिलांनी एकदा उठून टीव्ही बंद केला होता. त्यांचा राग खोटा नव्हता. रियाज कुणाला दिसत नाही, आणि तो केलेल्या माणसाला न केलेल्याने मागे टाकलं की आयुष्यात कधीही काही मन लावून शिकलेल्या प्रत्येकाला ते लागतं. मतांचा हिशेबही काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. एका माणसाला एक मत अशी भानगडच नव्हती. बोटं आणि बॅलन्स साथ देतील तितकी मतं द्या. ती साध्या एसएमएसपेक्षा चढ्या दराने घेतली जायची आणि त्या पैशांत मोबाइल कंपनीचाही वाटा असायचा, वाहिनीचाही.

एवढं सगळं खरं धरूनही तो किस्सा मला पटत नाही, कारण तो साध्या बेरीज-वजाबाकीतच नापास होतो. अरिजित सहावा आला म्हणजे त्याच्या पुढे पाच जण होते. त्यांतला काझी एक. उरलेल्या चौघांना वीस वर्षांत कुणी एक शिवी दिल्याचं मी ऐकलेलं नाही. शिवाय जिंकला एकटा काझी नव्हता. तिथे जोडी जिंकायची, आणि काझीबरोबर जिंकली रूपरेखा बॅनर्जी, जिच्या गळ्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. म्हणजे काझीला मत देणारा जो अडाणी, भाबडा, चेहऱ्याला भुलणारा प्रेक्षक, त्याच प्रेक्षकाने सुरेल गाणारी मुलगीही निवडली. मग त्याला कान होते की नव्हते? आणि अरिजित तेव्हा कोण होता? मुर्शिदाबाद जिल्ह्यातल्या जियागंजहून आलेला अठरा वर्षांचा लाजाळू मुलगा. त्याचं नाव घराघरात गेलं ते २०१३ साली. मधली आठ वर्षं तो मुंबईत संगीतकारांच्या स्टुडिओत पडेल ते काम करत होता. गळे ओळखणं हाच ज्यांचा धंदा, त्यांनाही त्याला पुढे आणायला इतकी वर्षं लागली. आणि डोंबिवलीतल्या कॉलेजकुमारीने मात्र ते २००५ सालीच, जाहिरातींच्या मधल्या दहा मिनिटांत ओळखायला हवं होतं! निकाल लागल्यानंतर पेपर सोडवणाऱ्यांना काय, शंभरपैकी शंभरच मिळणार.

मुळात तो कार्यक्रम कशाचा होता, हेच कुणी आठवत नाही. ‘फेम गुरुकुल’ हे स्पेनमध्ये २००१ साली सुरू झालेल्या एका कार्यक्रमाचं भारतीय रूप. मुलांना एका घरात ठेवायचं, त्यांना गाणं-नाच-वावर शिकवायचं, ते शिकणं, रडणं, भांडणं कॅमेऱ्यात पकडायचं आणि आठवड्यातून एकदा त्यांना स्टेजवर उभं करायचं. प्रेक्षक बघणार ते त्या पोरांचं चार महिन्यांचं जगणं, आणि गाणं हा त्यातला एक भाग. कार्यक्रमाच्या नावातच ‘फेम’ आहे. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षेत काझी विशारद झाला असता तर मीही मोर्चा काढला असता. पण ज्या स्पर्धेने लोकांना विचारलं की यांतला कोण तुम्हाला पुन्हा बघायचा आहे, त्या स्पर्धेला लोकांनी प्रामाणिक उत्तर दिलं. प्रश्न विचारणाऱ्यांना उत्तर आवडलं नाही, यात उत्तर देणाऱ्याचा दोष कुठला? आणि खरं सांगायचं तर वाहिनीला ते आवडलंच होतं. ‘कलेचा शोध’ असा फलक लावायचा, आत दुकान माणसांच्या गोष्टींचं मांडायचं आणि गिऱ्हाइकाने गोष्ट विकत घेतली की परीक्षकांकरवी त्यालाच दम द्यायचा, हा तो उद्योग. चिडायचंच असेल तर त्यावर चिडा.

‘पैसे देऊन मत’ या गोष्टीवर नाक मुरडणाऱ्या मराठी माणसाचं तर मला नवलच वाटतं. तमाशाच्या फडात दौलतजादा होते म्हणजे काय होतं? प्रेक्षक नोट पुढे करतो, आपल्या आवडीची लावणी मागतो, आणि देणाऱ्याचं नाव-गाव पुकारलं जातं. ज्याच्या खिशात जास्त त्याची फर्माईश आधी. एसएमएसची मतं ही मोबाइलवरची दौलतजादाच होती. आता दौलतजादा ही काही न्यायाची तऱ्हा नव्हे, फडातल्या बायांना तिचा जाच काय होता हेही आपल्याला ठाऊक आहे. पण म्हणून कुणी असं म्हटलं का, की फडासमोर बसलेल्यांना लावणी कळत नव्हती?

जरा वरच्या मजल्यावर, संगीत नाटकात जाऊ. तिथे मत देण्याची रीत होती वन्समोअर. पिटातल्या माणसाने आरोळी ठोकली की पद पुन्हा, पुन्हा म्हटलं की पुन्हा, आणि नाटक पहाटेपर्यंत. कथानकाचा त्याने चुथडा व्हायचा, जाणकार कुरकुरायचे, नटमंडळी मात्र पिटाचंच ऐकायची. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत दोन नाटक कंपन्यांनी मिळून संयुक्त ‘मानापमान’ केलं, बालगंधर्वांची भामिनी आणि केशवराव भोसल्यांचा धैर्यधर. त्या प्रयोगाला आलेली माणसं काय कोऱ्या मनाने आली होती? गंधर्ववाले गंधर्वांसाठी आले होते, केशवरावांच्या ललितकलादर्श मंडळीचे चाहते केशवरावांसाठी. त्या रात्री कोण कुणाला भारी पडलं, याचा निकाल शंभर वर्षं होऊन गेली तरी लागलेला नाही, आणि त्या वादावर पोसलेल्या आठवणींनी पुस्तकंच्या पुस्तकं भरली आहेत. आपला माणूस म्हणून टाळी देणं ही आपल्याकडची जुनी रसिकता आहे. टीव्हीने तिला फक्त नंबर दिला.

गाणं हे गळ्याइतकंच वावराचं असतं, हेही आपण सोयीप्रमाणे विसरतो. भगवानदादांच्या नाचाला कुठल्या नृत्यगुरूने पास केलं असतं? हात थोडे वर, पाय जागच्या जागी, खांदा किंचित उचललेला. पण गणपतीच्या मिरवणुकीत आणि वरातीत आजही माणसं तेच नाचतात, कारण तो नाच बघणाऱ्याला म्हणतो, ये, तुलाही जमेल. काझीत हे होतं. तो स्टेजवर आला की आपण चुकतोय याची त्याला लाज नव्हती आणि ती नसल्याचा माजही नव्हता. बाकीची मुलं परीक्षा द्यायला आल्यासारखी उभी राहायची. हा वरातीत शिरल्यासारखा यायचा.

आता सगळ्यात जोरदार आक्षेप, प्रांताच्या मतांचा. सुराला मत द्या, गावाला कशाला देता? त्या दोन-तीन वर्षांचे विजेते एकदा नकाशावर मांडून बघा. २००५ साली काझी, श्रीनगर. ‘सारेगमप चॅलेंज’चा देबोजित साहा, आसाममधलं सिलचर. ‘इंडियन आयडल’च्या दुसऱ्या पर्वात २००६ साली संदीप आचार्य, बिकानेर. तिसऱ्या पर्वात २००७ साली प्रशांत तमांग, दार्जिलिंग. ही टिंबं जोडत गेलं की देशाची कड तयार होते. काश्मीर खोऱ्यात मोबाइलच मुळी २००३ साली सुरू झाला. ज्या गावांच्या वाट्याला राष्ट्रीय वाहिनीवर फक्त पूर, बंद आणि स्फोट यायचे, त्यांच्या हातात पहिल्यांदा असं यंत्र आलं की ज्याने मुंबईतल्या स्टुडिओत आपलं म्हणणं पोचतं. त्यांनी ते जोरात दाबलं, तर आपण म्हणालो, हे काय, गाण्यात राजकारण आणताय!

आणि आपण? ‘इंडियन आयडल’चं पहिलं पर्व मार्च २००५ मध्ये संपलं तेव्हा विजेता होता मुंबईचा अभिजीत सावंत. आपल्याकडे त्याच्या नावाचे फलक लागले, मतं मागितली गेली, आनंद झाला. मलाही झाला होता, मत मीही दिलं होतं. त्याला प्रांतवाद म्हटल्याचं मला तरी आठवत नाही. मोठ्या शहराचा अभिमान हा ‘पाठिंबा’ आणि लहान गावाचा अभिमान हा ‘प्रांतवाद’, असं व्याकरण कुठल्या शाळेत शिकवतात? शिवाय काझीच्या बाबतीत हा आक्षेप धड लागूही पडत नाही. खोऱ्यातले सगळे मोबाइल एका जागी आणले असते तरी देशभराची स्पर्धा त्यांवर जिंकता आली नसती. त्याला मतं देणाऱ्या मुली आमच्या बिल्डिंगीत होत्या. काश्मिरी तरुण म्हटला की बातम्यांत एक तर हातात दगड किंवा खांद्यावर जनाजा, असा जो काळ होता, त्या काळात डोंबिवलीतल्या एका दहावीच्या मुलीने वहीच्या पुठ्ठ्यावर श्रीनगरच्या पोराचा फोटो चिकटवला होता. ८ ऑक्टोबर २००५ ला काश्मीरमध्ये भूकंप झाला, सीमेच्या दोन्ही बाजूंना गावं गाडली गेली, आणि त्याच महिन्यात काझी जिंकला. काही काळ ‘काश्मीर’ या शब्दाबरोबर आमच्या गल्लीत दुसरंही काही आठवलं जायचं. राष्ट्रीय एकात्मतेवर निबंध लिहून घेणाऱ्यांनी ही गोष्ट इतक्या तुच्छतेने मोडीत काढावी याचं मला वाईट वाटतं.

प्रशांत तमांगचं प्रकरण याहून अवघड आहे, आणि ते टाळून माझी बाजू मांडली तर ती लबाडी ठरेल. हा कोलकाता पोलिसांतला शिपाई. वडील पोलिसांत होते, ते गेल्यावर त्यांच्या जागी लागलेला. पोलिसांच्या ऑर्केस्ट्रात गायचा. अंतिम फेरीत समोर शिलाँगचा अमित पॉल. दोघांतला चांगला गायक कोण, हा प्रश्न मला विचाराल तर अमित, आणि त्यात मला शंका नाही. दार्जिलिंगच्या डोंगरात प्रशांतसाठी देणग्या गोळा झाल्या, त्या पैशांतून मतं दिली गेली. तिथले राजकारणी बिमल गुरुंग त्या मोहिमेत पुढे होते. २३ सप्टेंबर २००७ ला प्रशांत जिंकला. मग एका एफएम रेडिओच्या निवेदकाने गुरखे गाऊ लागले तर आता पहारा कोण देणार, अशा अर्थाची थट्टा केली. त्यावरून सिलीगुडीत दंगल उसळली, संचारबंदी लागली, लष्कर बोलवावं लागलं. ऑक्टोबरात गुरुंग यांनी ‘गोरखा जनमुक्ती मोर्चा’ नावाचा पक्ष काढला आणि गोरखालँड या वेगळ्या राज्याची मागणी नव्याने पेटली. बघा, विरोधक म्हणतात, गाण्याच्या स्पर्धेत लोकांना घेतलं की कुठवर जातं.

मी हाच घटनाक्रम उलट्या बाजूने वाचतो. दंगल प्रशांतच्या सुरांमुळे झाली नाही. ती ज्या थट्टेमुळे झाली, त्या थट्टेत शंभर वर्षांचा हिशेब होता. नेपाळी बोलणारा भारतीय माणूस उरलेल्या देशाला फक्त सोसायटीच्या गेटवर भेटतो, रात्री काठी आपटत जातो आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दारावर येतो. आपण त्याचं नाव विचारत नाही. तो आपल्यातलाच एक म्हणून स्टेजवर उभा राहतो तेव्हा त्याचे निषाद-धैवत तपासत बसायला डोंगरातल्या माणसांना सवड नव्हती, आणि तसं त्यांनी भासवलंही नाही. दुसऱ्या बाजूला शिलाँगमध्ये काय घडलं? तिथले मूळचे खासी आणि बाहेरून आलेले बिगर-खासी हा तिथला जुना, रक्त सांडलेला वाद. अमित पॉल बंगाली घरातला मुलगा. त्याच्यासाठी दोन्हीकडचे लोक एकत्र रस्त्यावर आले आणि मेघालय सरकारने त्याला शांतता आणि सलोख्याचा दूत केलं. एकाच स्पर्धेने एकीकडे जखमेवरची खपली काढली, दुसरीकडे थोडी फुंकर घातली. दोन्ही ठिकाणी लोकांनी मत दिलं ते ‘आपला’ म्हणून. एकाला प्रेम म्हणायचं आणि दुसऱ्याला वेडेपणा, हे कुठल्या तराजूने?

(अमेरिकेतही त्याच वर्षी हा खेळ रंगला होता. ‘अमेरिकन आयडल’मध्ये संजय मलाकार नावाचा सतरा वर्षांचा, बंगाली बापाचा मुलगा आठवड्यामागून आठवडे टिकत गेला. त्याच्या केसांची चर्चा गाण्यापेक्षा जास्त झाली, आणि वात्रटपणा म्हणून त्यालाच मतं द्या अशी मोहीमही निघाली. तो सातवा आला. जिंकली जॉर्डिन स्पार्क्स, व्यवस्थित गाणारी मुलगी. वात्रटांना लोकांनी सातव्या नंबरापर्यंतच जाऊ दिलं.)

शेवटी घरातलंच उदाहरण घेतो. फेब्रुवारी २००९, झी मराठीवर ‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’ची अंतिम फेरी. आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे, मुग्धा वैशंपायन, रोहित राऊत आणि आळंदीची कार्तिकी गायकवाड. जिंकली कार्तिकी. त्यानंतर आठवडाभर मी पुण्यात होतो. ज्या ज्या दिवाणखान्यात गेलो तिथे एकच विषय: आर्याचं काय चुकलं? कार्तिकी काही कणसुरी नव्हती, तिची तुलना काझीशी करायचा प्रश्नच नाही. तिचा गळा वारकरी होता. अभंग, गवळण, उघडा खणखणीत आवाज, घरातूनच आलेली शिकवण. तरीही ‘एसएमएसवाल्यांनी जिंकवली’ हे वाक्य मी स्वतः ऐकलं आहे. ते बोलणाऱ्या काकूंना आपण काही वावगं बोलतोय असं वाटलंही नव्हतं. त्यांच्या मते मऊ, मुरक्यांचा आवाज म्हणजे गाणं, आणि माउलीच्या देवळासमोर हजारभर माणसांपर्यंत पोचायला घडलेला आवाज म्हणजे ‘तसला’. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ‘लोकांना सूर कळत नाही’ या वाक्यातला ‘लोक’ हा शब्द ‘सूर’ या शब्दापेक्षा महत्त्वाचा असतो. त्या पाचही मुलांचं पुढे छान झालं. २०२१ साली तीच पाच जणं लिटिल चॅम्प्सच्या नव्या पर्वात परीक्षक म्हणून बसली. आर्याचं काहीच चुकलं नव्हतं आणि कार्तिकीचंही.

काझीचं तसं झालं नाही, हे मला दाखवलं जातं. जिंकला, आणि मग कुठे गेला? गायक म्हणून तो टिकला नाही, खरं आहे. टिकण्यासाठी गळाच लागतो, आणि तिथे अरिजितने हिशेब चुकता केला. म्हणजे सुराचं जे व्हायचं ते झालंच, स्पर्धेच्या निकालाने त्याची एक श्रुतीही इकडची तिकडे झाली नाही. मग वीस वर्षं राग कशाचा धरून बसलो आहोत? आता मतं ॲपवरून देता येतात, निवड इतकी चाळून होते की पहिल्या भागापासून सगळेच सुरात असतात, परीक्षक दर गाण्याला उभे राहून टाळ्या वाजवतात, आणि पर्व संपल्यावर महिन्याभराने विजेत्याचं नाव मला आठवावं लागतं.

माझ्या वडिलांनी ज्या रात्री उठून टीव्ही बंद केला, त्या रात्री आईने पोळ्या अर्ध्यावर टाकून बाहेर येऊन तो पुन्हा लावला होता. गाण्यातलं तिला कळत नव्हतं अशातला भाग नाही, ती स्वतः लग्नाआधी भजनी मंडळात पेटी वाजवायची. तो बेसूर आहे हे तिनेच आम्हाला आधी सांगितलं होतं. ‘असू दे बेसूर,’ ती पिठाच्या हातानेच रिमोट धरून म्हणाली, ‘त्याला घरी पाठवतात की ठेवतात, तेवढं बघू दे.’